चांदीवरची जबानी

दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासमध्ये उभे राहून वर पाहिले, तर आज रंगवलेले लाकडी छत दिसते. शहाजहानच्या वेळी तिथे चांदी होती. त्या चांदीचा शेवट मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असतो. १७६० च्या ऑगस्टच्या सुरुवातीला किल्ला सदाशिवरावभाऊंच्या हाती आला. फौजेचा पगार थकला होता, दक्षिणेतून पैसा येत नव्हता आणि दिल्लीच्या खजिन्यात काही उरले नव्हते. नादिरशहा १७३९ मध्ये सिंहासनासकट बरेच काही घेऊन गेला होता, पण छताची चांदी शिल्लक होती. भाऊंनी ती काढवली आणि टांकसाळीत पाठवली. इतिहासकार नऊ लाख रुपयांच्या आसपासचा आकडा देतात. त्या काळच्या रुपयाच्या वजनाने हिशेब केला, तर ही सुमारे दहा टन चांदी होते. एवढ्या मोठ्या फौजेला ती फार दिवस पुरली नाही. पुढे १४ जानेवारी १७६१ आला.

या प्रसंगावर लिहिताना भाऊंचे चुकले की बरोबर होते, याचीच चर्चा बहुधा होते. इथे प्रश्न वेगळा आहे: ते नऊ लाख रुपये आज कुठे आहेत? त्यांतला एखादा एखाद्या संग्रहात, एखाद्या देव्हाऱ्यात किंवा दरिब्यातल्या सराफाच्या गल्ल्यात नक्की असेल. पण तो ओळखता येणार नाही. मराठे रुपयावर बादशहाचेच नाव घालत. त्या काळच्या दिल्लीच्या रुपयावर तिसऱ्या शहाजहानचे नाव, शाहजहानाबाद ही टांकसाळ, हिजरी सन आणि राज्यवर्ष एवढे वाचता येते. ही चांदी छतातून आली की व्यापाऱ्याच्या थैलीतून, हे तो रुपया सांगत नाही. भट्टीत गेलेली चांदी आपला आधीचा जन्म विसरते. म्हणून चांदीच्या इतिहासात शिक्क्याला एवढे महत्त्व आहे. वस्तू वितळत नाही तोवर ती कोणी, कुठे, कधी आणि कोणत्या कसाची घडवली, हे सांगणारा साक्षीदार तोच असतो.

ही साक्ष जगात सर्वांत पद्धतशीरपणे लिहून ठेवली ती इंग्रजांनी. ती वाचायला शिकण्याची सोय दिल्लीत चांगली आहे. साहेब गेला, पण त्याचे चमचे, किटल्या, ट्रे आणि मेणबत्तीदाण्या मागे राहिल्या. दरिबा कलानमध्ये मोडीच्या ढिगात आणि सुंदरनगरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत काचेआड त्या अजून दिसतात. मोडीच्या ढिगात त्यांना वजनाचा भाव मिळतो आणि काचेआड इतिहासाचा. पुष्कळदा या दोहोंतला फरक चमच्याच्या दांड्यामागच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार-पाच ठशांवर ठरतो.

इंग्रजी पद्धतीची सुरुवात १३०० च्या एका कायद्याने झाली. पहिल्या एडवर्डच्या काळात असे ठरले की चांदीची कोणतीही वस्तू नाण्याच्या म्हणजे स्टर्लिंगच्या कसाहून हलकी नसावी. स्टर्लिंग म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी, बाकी बहुधा तांबे. तपासून उतरलेल्या वस्तूवर बिबट्याचे डोके ठोकायचे. नाव बिबट्याचे, पण चित्र समोरून पाहणाऱ्या सिंहाचे आहे. १३६३ मध्ये प्रत्येक कारागिराने स्वतःची खूण ठोकावी असा नियम झाला. १४७८ मध्ये लंडनच्या सोनारांच्या संघाने तपासणीचे काम आपल्या वास्तूत, गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणले. तिथे ठोकलेली खूण म्हणून ती 'हॉलमार्क' झाली. त्याच वेळी वर्षाचे अक्षर आले. त्यामागचा हेतू इतिहासाचा नव्हता. हलकी चांदी पुढे सापडली, तर त्या वर्षी तपासणी कोणाकडे होती हे कळावे आणि त्याला धरता यावे, एवढाच होता. आज संग्राहकाला वस्तूचे वय सांगणारे अक्षर मुळात तपासनीसाला पकडण्यासाठी जन्मले.

चालता सिंह १५४४ पासून दिसतो. आठव्या हेन्रीने याच सुमारास नाण्यात भेसळ वाढवली होती. नाण्याचाच भरवसा उरला नाही, तेव्हा भांड्याच्या कसाची वेगळी ग्वाही द्यावी लागली. पुढे १६९७ मध्ये उलटी अडचण आली. लोक चांगली नाणी कातरून, वितळवून त्यांची भांडी करू लागले. तेव्हा भांड्यांचा कसच नाण्याहून वर, हजारात सुमारे ९५८ वर नेला. आता नाणे वितळवून सरळ भांडे करता येईना. त्या काळातल्या वस्तूंवर बिबट्या आणि चालता सिंह नसतात. त्यांच्या जागी ब्रिटानियाची बसलेली आकृती आणि सिंहाचे मानेपासून तोडलेले डोके असते. १७२० मध्ये स्टर्लिंग पुन्हा मान्य झाले, मात्र वरचा कसही ऐच्छिक म्हणून राहिला.

आता प्रत्यक्ष वाचन. समजा, दिल्लीत एक चमचा हाती आला. त्यावर चालता सिंह आहे, म्हणजे चांदी स्टर्लिंगची. बिबट्याचे डोके आहे, म्हणजे तपासणी लंडनची. एक छोटे, साधे रोमन 'एल' अक्षर आहे. लंडनचे वर्षाक्षराचे चक्र वीस अक्षरांचे होते. 'ए'पासून 'यू'पर्यंत जायचे आणि 'जे' गाळायचे. चक्र संपले की लिपीचे वळण किंवा ढालीचा आकार बदलून पुन्हा 'ए'. अक्षर मे महिन्यात बदलत असे, म्हणून प्रत्येक अक्षर दोन इसवी सनांवर पसरते. छोटा रोमन 'एल' १७४६, १७८६ आणि १८२६ या तिन्ही वर्षी येतो. ढालीचा आकार झिजून गेला असेल, तर यांतले कोणते, हे अक्षरावरून एकट्याने ठरणार नाही. शेजारच्या खुणांना विचारावे लागते.

१७८४ च्या अखेरीस चांदीवर औंसाला सहा पेन्स कर बसला. अमेरिका हातची गेली होती आणि युद्धाचे कर्ज डोक्यावर होते. कर भरल्याची पावती म्हणून वस्तूवर राजाचे डोके ठोकू लागले, आणि ते १८९० पर्यंत चालले. आपल्या चमच्यावर राजाचे डोके असेल, तर १७४६ बाद. राहिली १७८६ आणि १८२६. १८२१ पासून लंडनच्या बिबट्याच्या डोक्यावरचा मुकुट गेला. मुकुट असेल तर १७८६, नसेल तर १८२६. कोणताही ठसा एकटा पुरेसा नाही, पण तिघांना समोरासमोर बसवले की साल निघते. मोडी कागदाची तारीख ठरवताना वळण, मायना आणि शिक्का यांचा मेळ घालतात, तेच हे काम.

उरली कारागिराची खूण. आपल्या चमच्यावर तिरप्या वळणाची 'एच' आणि 'बी' ही अक्षरे असतील, तर ती बहुधा हेस्टर बेटमनची. नवरा वारल्यावर, १७६१ मध्ये या बाईने आपली खूण नोंदवली आणि पुढे सुमारे तीस वर्षे लंडनच्या बनहिल रो भागातला कारखाना मुला-सुनांसह चालवला. म्हणून हा चमचा तिने स्वतःच्या हाताने घडवला असे म्हणायचे का? तसे नाही. ही खूण जबाबदारीची आहे. कस कमी भरला तर कोणाला धरायचे, हे ती सांगते. हातोडी कोणाची होती हे सांगत नाही. इंग्रजी कायद्यात आता तिला कारागिराऐवजी जामीनदाराची खूण या अर्थाचे नाव आहे, आणि ते जास्त खरे आहे.

लंडनबाहेरच्या तपासणी कचेऱ्यांची चिन्हे वेगळी. एडिंबराचा किल्ला, डब्लिनची मुकुटधारी वीणा, १७७३ पासून बर्मिंगहॅमचा नांगर आणि शेफिल्डचा मुकुट. बंदर नसलेल्या बर्मिंगहॅमला जहाजाचा नांगर का, याची एक गोष्ट सांगतात. दोन्ही शहरांचे लोक परवानगी मिळवायला लंडनला आले असताना 'क्राऊन अँड अँकर' नावाच्या खानावळीत बसत आणि चिन्हे तिथूनच वाटून घेतली गेली. गोष्ट खरी असो वा नसो, भारतात सापडणाऱ्या इंग्रजी चांदीत नांगर वारंवार दिसतो.

जिथे खुणेला किंमत असते तिथे खोटी खूण येतेच. १७२० ते १७५८ च्या दरम्यान वजनावर कर होता. तेव्हा काही कारागीर एक हलकी छोटी वस्तू तपासून घेत, तिच्यावरचा ठशांचा तुकडा कापत आणि मोठ्या, जड, कर न भरलेल्या भांड्याच्या बुडाला डाक लावून बसवत. १७५८ मध्ये खोट्या ठशांना फाशीची शिक्षा ठेवावी लागली. पुढे १७७३ मध्ये ती चौदा वर्षांच्या काळ्या पाण्यावर आली. असा सांधा ओळखायची युक्ती साधी आहे: भांड्यावर तोंडाची वाफ सोडावी. वाफ उडताना डाकाची रेघ क्षणभर वेगळी दिसते. ठशांच्या कडाही पाहाव्यात. ठोकलेल्या ठशाची कड धारदार असते. साच्यात ओतून नक्कल केलेल्या ठशाची कड मऊ असते आणि तळाशी बारीक खड्डे दिसतात. झाकण आणि भांडे वेगळे होत असतील तर दोन्हींवर खुणा असायला हव्यात, आणि त्या एकमेकींशी जुळायला हव्यात.

आपल्याकडे ही परीक्षा अनोळखी नव्हती, पण तिचा आधार वेगळा होता. मराठी राज्यात नाणे पारखायला पोतदार असे. तो रुपया वाजवून पाही, वजन करी आणि झिजेप्रमाणे बट्टा ठरवी. सराफ शंका आली की रुपयावर आपला छोटा ठसा मारत. जुन्या रुपयांच्या अंगावर असे अनेक डाग दिसतात. प्रत्येक डाग म्हणजे एका पेढीची पसंती. कस, बट्टा, खणखणीत, बावनकशी हे शब्द माणसाच्या शीलालाही लागू लागले ते याच व्यवहारातून. म्हणजे नाण्यावर टांकसाळीची साक्ष होती, सराफाची होती, पण भांड्यावर कोणाचीच नव्हती. गिऱ्हाईक सोनाराकडे रुपये घेऊन जाई, तो समोर ते आटवी आणि भांडे परत रुपयांच्याच वजनाने तोलून देई. पुढे कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेनचा ठरला तेव्हा तोळाही तेवढाच धरला गेला. सोनार घरचा, पिढीजात. विश्वास माणसावर होता, म्हणून धातूवर लिहायची गरज भासली नाही. इंग्लंडात १६९७ मध्ये नाणे आणि भांडे यांच्यात जी भिंत घातली गेली, ती इथे कधीच नव्हती. भाऊंनी छताचे रुपये केले. जयपूरच्या सवाई माधोसिंगांनी विलायतेला गंगाजल नेण्यासाठी रुपये वितळवून, प्रत्येकी ३४५ किलोचे प्रचंड चांदीचे घडे करवले. चांदी दोन्ही दिशांनी सहज वाहत होती.

या मुलखात इंग्रज चांदीवाले आले. रॉबर्ट हॅमिल्टनने १८०८ मध्ये कलकत्त्यात काढलेली हॅमिल्टन अँड कंपनी त्यांत सर्वांत मोठी. कुक अँड केल्व्ही १८५८ ची, तीही मूळची कलकत्त्याची. राजधानी दिल्लीला आली तशी अशा कंपन्यांची दुकानेही दिल्लीत आली. मद्रासेत पी. ऑर अँड सन्स होते. अडचण एकच: हिंदुस्थानात हॉल नव्हता. इंग्रजी राज्य असूनही चांदी तपासून ठसा देणारी सरकारी कचेरी इथे उघडली गेली नाही. पण साहेब गिऱ्हाइकाची नजर ठशांच्या ओळीला सरावलेली होती. म्हणून कंपन्यांनी ओळ स्वतःच ठोकली. हॅमिल्टनच्या वस्तूंवर कंपनीची आद्याक्षरे, एक हत्ती आणि एखादे सुटे अक्षर दिसते. लांबून पाहिले तर अगदी इंग्रजी हॉलमार्क. पण सिंहाच्या जागी आलेल्या हत्तीमागे कोणताही कायदा नाही, आणि ते अक्षर लंडनच्या तक्त्यात शोधून साल काढायला गेले तर फसगत होते. याला खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. दुकानदाराने आपल्या नावाची हमी गिऱ्हाइकाला कळेल अशा लिपीत लिहिली, एवढेच. मात्र वाचणाऱ्याने ती सरकारची ग्वाही समजू नये.

कसाचा मुद्दाही इथेच येतो. १८३५ पासून कंपनी सरकारच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी होती, म्हणजे हजारात सुमारे ९१७. पुष्कळ हिंदुस्थानी चांदीकाम रुपये आटवून होई. असे भांडे प्रामाणिक असूनही स्टर्लिंगच्या ९२५ ला थोडे कमी पडे. विलायतेच्या कायद्याने बाहेरून आलेल्या चांदीचीही तपासणी मागितली, तेव्हा हे काम अडू लागले. शेवटी १८८४ मध्ये पौर्वात्य घाटाच्या नक्षीकामाला त्या तपासणीतून सूट मिळाली. साम्राज्याच्या दाराशी हिंदुस्थानी भांडे आत गेले ते कसावर नव्हे, नक्षीवर.

आणि ज्यांनी ती नक्षी उठवली त्यांचे काय? हॅमिल्टनच्या हत्तीखाली बंगाली कारागिराचे नाव नाही. पुण्यात देवादिकांच्या आकृती उठवलेल्या चांदीच्या तबकांवर आणि चहादाण्यांवर बहुधा काहीच लिहिलेले नसते. १९०३ च्या दरबाराच्या वेळी कर्झनने दिल्लीच्या कुदसिया बागेत हिंदी कलांचे मोठे प्रदर्शन भरवले. विलायती धाटणीची नक्कल नको, अशी त्याची अट होती. जॉर्ज वॉटने त्याचा जाडजूड ग्रंथ केला. त्यात कामाची वर्गवारी शैली आणि गाव यांनी होते. भूजचे ओमरसी मावजी हे ठळक अपवाद. कच्छच्या दरबारी या कारागिराने आपल्या नावाची आद्याक्षरे आणि 'भूज' हा शब्द वस्तूंवर ठोकला. आज जगभरच्या लिलावांत कच्छी चांदीमध्ये त्यांचे नाव सर्वांत आधी उच्चारले जाते. हात तितकेच कसलेले इतरही असणार. दोन अक्षरे ठोकणारा राहिला, न ठोकणारे 'कच्छी काम' किंवा 'पुणेरी काम' या शब्दांत विरघळले.

एक सावधगिरी घरोघरच्या कामाची आहे. आजीच्या ट्रंकेतल्या काट्या-चमच्यांवर कधी ओळीने चार ठसे दिसतात आणि नीट पाहिले तर ती 'ई', 'पी', 'एन', 'एस' ही रोमन अक्षरे असतात. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने विजेने मुलामा देण्याचे पेटंट घेतले. त्यानंतर निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा पातळ थर दिलेली भांडी जगभर गेली. ही अक्षरे गॉथिक वळणात, ढालींत बसवून अशी ठोकत की हॉलमार्कच वाटावा. त्या मिश्रधातूलाच आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो. त्यात तांबे, जस्त आणि निकेल असते. चांदी फक्त नावात.

दिल्लीत या वाचनाला आणखी एक धार आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू कुठे घडली, यावर ही मर्यादा थांबत नाही. इंग्लंडात घडलेली किटलीही इथल्या इतिहासाचा भाग होऊ शकते. अशा वेळी एका छोट्या अक्षराचे साल दहा वर्षांनी चुकले, तर वस्तू कायद्याच्या या बाजूची की त्या बाजूची, हेही चुकते.

भारताला स्वतःचा हॉल मिळाला तो फार उशिरा, आणि तोही दिल्लीत. बहादूरशाह जफर मार्गावरच्या मानक भवनातून भारतीय मानक ब्युरोने २००० मध्ये सोन्याची आणि २००५ मध्ये चांदीची हॉलमार्क योजना सुरू केली. सुरुवातीच्या सोन्याच्या ठशांत पाच गोष्टी होत्या: ब्युरोचे चिन्ह, कस, तपासणी केंद्र, वर्षाचे अक्षर आणि सराफाची खूण. २००० साठी 'ए', २००१ साठी 'बी'. लंडनच्या १४७८ च्या पद्धतीचा हा थेट वंशज. २०१७ पासून वर्षाचे अक्षर गेले. २०२१ मध्ये सोन्याला हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होऊ लागला आणि प्रत्येक दागिन्याला सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक मिळाला. आता ठशात ब्युरोचे चिन्ह, कस आणि हा क्रमांक उरतो. सराफ कोण, तपासणी कुठे, केव्हा, हे सगळे सरकारी नोंदीत असते आणि मोबाइलवर क्रमांक टाकला की दिसते. सप्टेंबर २०२५ पासून हा क्रमांक ऐच्छिक स्वरूपात चांदीलाही आला आहे. इंग्लंडातही १९९९ पासून वर्षाचे अक्षर आणि चालता सिंह सक्तीचे राहिलेले नाहीत.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे बरे झाले. वाफ सोडून डाक शोधण्यापेक्षा क्रमांक टाकणे सोपे, आणि फसवणूक रोखायला प्रत्येक नगाची वेगळी नोंद जास्त उपयोगी. इतिहासाच्या दृष्टीने मात्र साक्षीदाराची जागा बदलली. १७८६ चा चमचा भिंग आणि एक तक्ता असलेल्या कोणालाही, कोणत्याही देशात आपली जबानी देतो. मधल्या काळात कंपनी गेली, साम्राज्य गेले. त्या चमच्याला कोणाची परवानगी लागत नाही. आजचा सहा अक्षरांचा क्रमांक स्वतः काही सांगत नाही. तो दुसरीकडे ठेवलेल्या नोंदीची किल्ली आहे. नोंद टिकेल तोवर तो बोलेल. नोंदी कशा जातात हे दिल्लीइतके कोणत्या शहराला माहीत आहे? एक पगार थकला तेवढ्यात शहाजहानच्या छताची टांकसाळीत रवानगी झाली.

मराठी घरांत ताम्हण, पंचपात्र, पळी, अत्तरदाणी, पानाचा डबा यांवर पुष्कळदा एकच खूण असते: सोनाराने टोचणीने कोरलेले मालकिणीचे नाव, क्वचित साल आणि लग्नाचा किंवा मुंजीचा प्रसंग. त्यात कस नाही, कारागीर नाही, कायदा नाही. तरी हाच त्या घराचा हॉलमार्क. चांदीचा भाव चढला की अशी भांडी मोडीत निघतात. सोनार वजन करतो, घट वजा करतो आणि कोरलेले नाव भट्टीत जाते. मोडायचे असेल तर मोडावे. गरज भाऊंनाही होती. फक्त त्याआधी भांडे उलटे करून, उजेडात धरून, बुडाशी काय लिहिले आहे ते वाचावे आणि कागदावर उतरवून घ्यावे.